साडेसहा माळांची भाजणी

चिकमगळूर,
६ ऑगस्ट २०२४

अण्णाला धाकट्या तंगीचा शरणु, नमस्कार.

डबा मिळाला. झाकण उघडलं आणि वाटलं, अण्णानं कॉफी पाठवली की विटेचा चुरा? राग आला तर येऊ दे. सत्तरी उलटली तरी धाकट्या बहिणीचं ऐकायचं तुझ्या जिवावर येतं, हे मला काय नवीन आहे? मागच्या महिन्याचा डबा कच्चा होता, पेल्यात हिरव्या वाटाण्याची चव लागत होती. हा करपलाय. आमच्या यजमानांनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. आमच्या घरात कॉफी अर्धी टाकून कुणी उठत नाही, तुला ठाऊक आहे.

हितली माणसं मला आधीच हसतात. परसात कॉफीची झाडं, खिडकीत तो डोंगर. त्याच डोंगरावर बाबा बुडननी येमेनहून लपवून आणलेल्या सात बिया पेरल्या आणि तिथून सगळ्या मुलखात कॉफी झाली, असं सांगतात. आणि ही बाई पूड मागवते सोलापुरातनं! मी म्हणते, बी कुठलंही असो, भाजणारं घर आमचं एकच. आता कुठल्या तोंडानं म्हणू?

अण्णा, तुझ्या भाजणीचं गुपित जगात तिघांनाच माहीत आहे. आपल्या आप्पांच्या वेळी तू भाजणीचं पिंप फिरवायचास आणि मी तुझ्या मागं डोळे मिटून उभी राहायची. बियांचा ओल्या पोत्यासारखा वास जाऊन गुळासारखा वास सुटला की मी तुझ्या पाठीवर हात ठेवायची आणि तू पिंपाचं तोंड उघडायचास. माझं लग्न ठरलं तेव्हा मी महिनाभर चन्नावैनीला तिथं उभी केली. पंधरा दिवसांत ती माझ्या पुढं गेली. गेली अठ्ठेचाळीस वर्षं दुकानाची चव तिच्या हातात आहे, आणि लोक म्हणतात गुरुलिंगशेठची भाजणी! म्हणू देत. पण आता तू तिचा हात झटकायला लागलायस, एवढं मला त्या पुडीनं सांगितलं. ती बिचारी हात ठेवत असेल आणि तू आणखी फिरवत असशील. लाज वाटू दे जरा.

फोनवर भांडले असते, पण तुला ऐकू येत नाही, नुसतं हां हां करून ठेवून देतोस. मोबाइलवरची बारीक अक्षरं तुला दिसत नाहीत. म्हणून हे पाकीट.

वैनीला माझा शरणु सांग.
रुद्राणी

———

सोलापूर,
१६ ऑगस्ट २०२४

तंगी,

विटेचा चुरा म्हणे! आप्पांनी तुझं नाक शेफारून ठेवलंय, दुसरं काय. पत्र दोनदा वाचलं. एकदा रागानं आणि एकदा हसत.

झालंय असं की शेजाऱ्यांनी धुराची तक्रार केली, म्हणून बाभळीची लाकडं बंद करून पिंपाखाली गॅसची शेगडी घेतली. नवीन शेगडी आहे, हाताला बसायला वेळ लागतो. त्यात पावसाळी हवा, पोती ओलसर. एवढंच आहे. त्यावरनं तू थेट माझ्या लाजेपर्यंत पोचलीस.

सोलापूरला हसतेस होय? निम्मं गाव चहा पितं हे खरं. पण चहा रोजचा आणि कॉफी पाहुण्याची, हे तू विसरलीस. पोरगी बघायला माणसं आली की आपली कॉफी. दहावीच्या पोरांना आपली कॉफी. दवाखान्यात कुणी असलं की थर्मासात आपलीच, वर जायफळ घालून. बाळी वेशीतल्या कन्नड घरांना आणि तेलुगू विणकरांच्या लग्नांना तर आपल्याशिवाय चालत नाही. आणि हे कुणामुळं? आपल्या आज्ज्यामुळं. होटगी जंक्शनवर तो हमाल, बारक्या रुळाच्या गाडीतली पोती मोठ्या रुळाच्या गाडीत चढवायचा. तुमच्या दक्षिणेचं एक पोतं फाटलं, सांडलेलं बी त्यानं धोतरात बांधून आणलं. आज्जीला वाटलं हुलगा आहे. दोन तास शिजवला तरी शिजेना! मग त्या गाडीच्या गार्डानं तव्यावर भाजून दाखवलं. तिथनं हे दुकान. तुझे सासरे नमुन्याच्या बिया घेऊन त्याच दुकानात आले आणि बियांबरोबर तुलाही बघून गेले. तेव्हा जास्त बोलू नकोस.

चन्नी ठणठणीत आहे. हात झटकण्याचं तू मनात आणू नकोस. विषय संपला. नवा डबा पाठवतोय.

गुरुलिंग

———

चिकमगळूर,
२ सप्टेंबर २०२४

अण्णा,

विषय संपला नाही. नवा डबा आधीच्यापेक्षा वाईट आहे. यजमान आता सरळ चहा मागायला लागलेत. माझ्या घरात चहा! तू हसशील, मला रडू आलं.

आणि ऐक. मल्लिनाथ मास्तरांची लेक हिकडं कडूरला दिली आहे. ती परवा भेटली. म्हणाली, बाबा आता बाजारातलं पाकीट आणतात. चाळीस वर्षं दर मंगळवारी पाव किलो नेणारा माणूस पाकिटावर गेला, आणि तू मला पावसाळी हवा सांगतोस? सोलापुरात असला कुठला पाऊस पडतो रे?

तू मला खरं सांगणार नाहीस. म्हणून याच टपालानं वैनीला वेगळं पाकीट टाकलंय. चांगलं खरमरीत लिहिलंय. तुला हा माणूस जुमानत नाही आणि तू गप्प बसतेस? पुडीचा करपट वास तुला येत नाही? तुझं नाक काय झोपलंय का? असं विचारलंय तिला. ती तरी तुला दोन शब्द सुनावेल.

रुद्राणी

———

सोलापूर,
९ सप्टेंबर २०२४

तंगी,

हे काय केलंस? तिचं पाकीट तिच्या हाती पडू नये म्हणून मी सकाळपासून दारात बसलोय. अजून तरी पोस्टमन दिसला नाही. दिसला तर काढून घेतो. आता खरं लिहितो, पण तुला आप्पांची शपथ आहे, तिच्यापाशी यातलं एक अक्षर बोलायचं नाही.

चन्नीला वास येत नाही.

मार्चमध्ये तिला ताप आला, दहा दिवस होता. तुला कळवला नाही. ताप गेल्यावर एक दिवस दूध तळाला लागलं. घरभर धूर. बिया निवडायला येते ती केराबाई ओरडत आत आली, "अवो आक्का, दूध लागलं की वो! ध्यान कुटं हाय?" चन्नी दोन हात अंतरावर बसून शेंगा सोलत होती. हसली आणि म्हणाली लक्ष नव्हतं. पुढं एकदा मी मुद्दाम कापूर विझवून तिच्या मागं ठेवला. तिनं मान वळवली नाही. डॉक्टरला एकट्यानं जाऊन विचारलं. म्हणाला, कधी परत येतो, कधी येत नाही.

आता पाठीवर हात येतो तो कधीही येतो. कधी बी पिवळं असताना, कधी काळं झाल्यावर. मला रंग दिसतो तंगी, मी काय आंधळा नाही. तडतड ऐकू येत नाही, पण रंग कळतो. तरी हात आला की थांबतो आणि हात येईपर्यंत थांबत नाही. कारण तिचा हात आला आणि मी फिरवत राहिलो, तर तिला कळेल की मला कळलंय. तिला मूल नाही. माहेरी कुणी उरलं नाही. तिचं म्हणून जगात एक नाक होतं. ते गेलंय हे तिला कुणी सांगायचं? मी नाही सांगणार. तिला वाटतंय अजून येतोय, तर वाटू दे.

मास्तर येऊन बरंच बोलून गेले. मी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरेपणाचा तेवढा एक उपयोग. गिऱ्हाईक जाईल तर जाऊ दे. भीती मला दुसरीच वाटते. म्हणून रोज देवळाला जायच्या आधी आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या गॅसची किल्ली मी स्वतः बघतो, नळी चाचपतो. ती विचारते काय करताय. मी म्हणतो सवय.

तू चुकीचं ओळखलंस. मी तिचा हात झटकत नाही.

गुरुलिंग

———

सोलापूर,
९ सप्टेंबर २०२४

वन्सं, शरणु.

तुमचं पाकीट परवाच हाती आलं. मी पोस्टमनच्या हातनं घेतलं आन् कनगीमागं ठेवलं. माझी शाळा चार यत्ता, ती बी कानडी, तवा चुकलं माकलं समजून घ्या. तुमी इचारलं, नाक झोपलंय का. वन्सं, झोपलं न्हाय, मेलं.

तापात गेलं. पयल्यांदा वाटलं सर्दी हाय. मग दूध लागलं, धूर झाला, मला पत्ता न्हाय. तवा कळलं. ह्यांना सांगितलं न्हाय आन् तुमी बी सांगायचं न्हाय. का ते ऐका. कान गेल्यापास्नं ह्ये कुनाशी बोलत न्हाईत. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बगून हसत्यात, पर कळत काय न्हाय. पिंप फिरवत्यात तेवढा येळ मानसात असत्यात. माझा हात पाठीवर पडला की अशी मान हलवत्यात, जसं कुनी हाक मारली. मी सांगितलं की वास न्हाय, तर त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावतील. मग दिसभर भिताडाकडं बगत बसतील. ते मी बगू?

म्हनून मी डोळं मिटून जप करती. पाच माळा झाल्या की हात ठेवती. कदी सा. अंदाजच की. कदी लागतो, कदी न्हाय. ह्ये काय बोलत न्हाईत. त्यांना बी आता चव कळत न्हाय असं वाटतंय. बरं हाय.

फोन करू नका. मी फोनवर बोलाय लागली की ह्ये माझ्या ओठाकडं बगत्यात आन् माझं तेवढं समदं वळखत्यात. पत्र केराबाईच्या घरच्या पत्त्यावर टाका. तिला वाचता येत न्हाय, ती तसंच आनून देती.

तुमी मला शिकवलं हुतं. तुमचं नाव राखता आलं न्हाय. माफी करा.

चन्नम्मा

———

चिकमगळूर,
१९ सप्टेंबर २०२४

अण्णा,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तुला काय काय बोलले मी! कान धरते. वैनीला मी काही बोलणार नाही. माझं पाकीट तुझ्या हाती लागलं नसेल तर वाटेत कुठं गहाळ झालं असेल, काळजी सोड.

आता मी सांगते ते मुकाट्यानं कर, का म्हणून विचारू नकोस. शेगडीच्या किल्लीवर खडूनं एक खूण कर आणि आच कायम तिथंच ठेव. पिंपात दर खेपेला दहाच किलो बी घाल, कमी नाही जास्त नाही. मी नीट वाळवलेलं एकाच बागेतलं बी पाठवते, दुसरं वापरू नकोस. आणि एखाद्या दिवशी वैनी बाजारात गेली की एकटा भाज. रंग बघून बरोबर वाटेल तिथं थांब, आणि घड्याळात किती मिनिटं झाली ते मला कळव.

रुद्राणी

———

चिकमगळूर,
१४ ऑक्टोबर २०२४

वैनी,

माफी तू कसली मागतेस? माझ्या पाकिटातली ती नाक झोपल्याची ओळ मला रात्रंदिवस खाते आहे. अण्णाला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

पण दुकान वाचवू या. अण्णाकडून मी दुसऱ्याच निमित्तानं मिनिटं काढून घेतली. त्याच्या नव्या शेगडीवर दहा किलो बी एकोणीस मिनिटांत बरोबर होतं. मी देवघरात घड्याळ घेऊन बसले आणि तुझ्यासारखा संथ जप करून बघितला. तीनदा केला. साडेसहा माळा होतात. सहा माळा आणि वर चोपन्न मणी, मग हात ठेव. मधे कुणी बोलवलं तरी लक्ष देऊ नकोस.

हे पत्र वाचलं की चुलीत घाल.

तुझी रुद्राणी

———

सोलापूर,
२४ नोव्हेंबर २०२४

तंगी, तंगी!

तिचं नाक परत आलं!

आधी विश्वास बसला नाही. दिवाळीच्या आधीची भाजणी बरोबर उतरली, म्हटलं योगायोग. मग दुसरी, तिसरी. काल नववी उतरली. अगदी ज्या क्षणाला बी रंगावर येतं, त्याच क्षणाला पाठीवर हात! काल तर माझ्या डोळ्याला पाणी आलं, मी धूर गेला म्हणून सांगितलं. डॉक्टर म्हणाला होता ना, कधी परत येतो. सिद्धरामेश्वराला नारळ फोडून आलो.

मल्लिनाथ मास्तर परत आले. दुकानात उभ्यानं पेला घेतला आणि कागदावर लिहून दिलं, "आता कसं!" मी तो कागद गल्ल्याच्या वर लावलाय. बार्शीच्या एका लग्नाचं काम आलं. चन्नी सुद्धा हसते, बोलते. परवा गॅसची नळी चाचपत होतो तर म्हणाली, किती चाचपता, मी काय आंधळी हाय? खरं आहे. आता कशाला? सोडून दिलं ते. तिच्या नाकासारखा पहारेकरी घरात असताना मी कशाला वाकू?

डबा पाठवलाय. आता बोल, विटेचा चुरा आहे का.

गुरुलिंग

———

चिकमगळूर,
३ डिसेंबर २०२४

वैनी,

डबा उघडला आणि आप्पा आठवले. यजमानांनी दोन पेले घेतले.

पण अण्णाचं मला पत्र आलंय. तुझा हात वासानंच पडतोय असं त्याला वाटतंय. नाचायचा बाकी राहिलाय म्हातारा. खरं लिहायला पेन घेतलं होतं, हात होईना. आणि एक गोष्ट तुलाही सांगायची आहे, पण ती पत्रात सांगण्यासारखी नाही. तोंडावर सांगेन. हिकडं तोडणी सुरू झाली आहे, चाळीस माणसांचं बघावं लागतं, उसंत नाही. गड्ड्याच्या यात्रेला जानेवारीत येते. तिघं बसून बोलू. तू काय म्हणतेस?

रुद्राणी

———

सोलापूर,
१२ डिसेंबर २०२४

वन्सं, शरणु.

आता सांगू नका. गड्ड्याला या, तवा तुमी जवळ असताना सांगू. तवर हसू द्या त्यांना. दोन वर्सांत असं हसल्यालं बगितलं न्हवतं. सकाळी देवळातनं आलं की म्हनत्यात, चन्नी, तुज्या हातची आन. मला कॉफीची चव बी कळत न्हाय वन्सं, निस्तं गरम लागतं. तरी त्यांच्यासंगं बसून पेला घेती. लई बरं वाटतं.

तुमी या. मी वाट बगती.

चन्नम्मा

———

सोलापूर,
२० फेब्रुवारी २०२५

रुद्राणी,

तू गेल्याला महिना झाला. घरात माणसं होती तोवर मी काही विचारलं नाही. आता विचारतो.

४ जानेवारीला मी पहाटे देवळात होतो. परत आलो तर गल्लीत माणसं. स्वयंपाकघराची खिडकी रस्त्यात पडलेली. नळीला बारीक चीर होती, असं पंचनाम्यात लिहिलंय. गॅस साठलेला होता. तिनं डिकॉक्शनला पाणी ठेवायला काडी ओढली.

चौकीतल्या साहेबानं मला कागदावर प्रश्न लिहून विचारले. बाईंना वास येण्याची काही तक्रार होती का? मी छाती फुगवून सांगितलं, साहेब, माझ्या बायकोसारखं नाक सोलापुरात नाही. मधे गेलं होतं, परत आलं. त्यानं लिहून घेतलं. मग कागदावर लिहिलं, मग त्यांना गॅसचा वास आला नाही? घरात काही भांडण होतं?

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. बियांचा वास कुठल्या क्षणाला पालटतो हे जिला कळायचं, तिला खोलीभर गॅस कळला नाही, असं कसं होईल? मग कळला होता का? कळून तिनं काडी ओढली का? गल्लीतली माणसं तेच म्हणतात, मला त्यांच्या तोंडावरनं कळतं. दवाखान्यात दोन दिवस होती. काही बोलली असेल तर मला ऐकू आलं नाही, आणि ओठ बघावेत तर तोंड सगळं बांधलेलं. मी तिला काय कमी केलं होतं, याचा विचार करतो. सगळ्या आयुष्याची उजळणी झाली, मला सापडत नाही.

तुम्ही बायका एकमेकींना सांगता. तुला काही बोलली होती का? माझ्यावर काही राग होता का तिचा? काय असेल ते लिही. माझ्याकडं बघून झाकू नकोस.

गुरुलिंग

———

चिकमगळूर,
२८ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

तिनं काही मुद्दाम केलं नाही. हे आधी वाच, दोनदा वाच, मग पुढचं वाच.

तिला वास येत नव्हता. तो एकदाही परत आला नव्हता. सोबत तिची दोन पत्रं आहेत, एक सप्टेंबरचं आणि एक डिसेंबरचं. माझं पाकीट तिच्या हाती आधीच पडलं होतं, तू दारात बसायच्या दोन दिवस आधी. तुला कळू नये म्हणून तिनं झाकलं आणि तिला कळू नये म्हणून तू झाकलंस. दोघांचं मला एकाच आठवड्यात कळलं, आणि मी गप्प बसले.

नुसती गप्प बसले असते तरी बरं होतं. मी शहाणपणा केला. तुझी आच, तुझं दहा किलो, तुझी मिनिटं, हे सगळं मी तिच्या जपासाठी जुळवलं. साडेसहा माळा झाल्या की हात ठेव, असं मीच तिला लिहिलं. तुझ्या पाठीवर बरोबर वेळेला पडायचा तो हात वासानं पडत नव्हता, मोजून पडत होता. तुला वाटलं नाक आलं, आणि तू नळी बघायची सोडलीस. ती ओळ तुझ्या पत्रात होती अण्णा. मी वाचली होती. मनात चरकलं सुद्धा. तेवढ्यात बागेतून हाक आली, मी पत्र घडी करून डब्यावर ठेवलं, आणि जानेवारीत सगळं एकदम सांगू म्हटलं. तोडणी महत्त्वाची वाटली. तुम्ही दोघं इतके दिवसांनी हसताय, ते माझ्यामुळं, याचं सुखही होतं मला. ते लपवत नाही.

मातीला आले तेव्हा सांगायचं होतं. तुझ्या कानात सांगायचं म्हणजे गल्लीला ओरडून सांगणं. कागदावर लिहून देता आलं असतं. कागद होता, पेन होतं, मी दिला नाही. भ्याले.

तिचा तुझ्यावर राग नव्हता. पत्रात बघ कशावर जीव होता ते. तिला मी मारलं. तुला जे म्हणायचं ते म्हण, मला चालेल.

रुद्राणी

———

सोलापूर,
११ मार्च २०२५

रुद्राणी,

पत्र मिळालं. तिचीही मिळाली. तिचं अक्षर मी अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा इतकं वाचलं. तिला आणि मला एकमेकांना कधी लिहायची वेळ आली नाही.

चौकीत जाऊन जबाब बदलून आलो. तिला वास येत नव्हता असं लिहून दिलं. साहेबानं कागदावर विचारलं, तुम्हाला माहीत होतं? मी लिहिलं, होतं, मार्चपासून. त्यानं विचारलं, मग गॅस त्यांच्या हाती कसा दिला? मी लिहिलं, माझी चूक झाली. त्यानं लिहिलं, आणखी कुणाला माहीत होतं? मी लिहिलं, कुणाला नाही. त्यानं सही घेतली. तुझं नाव आलेलं नाही, येणार नाही. तिची पत्रं मी त्याला दाखवली नाहीत.

ती मला सोडून गेली नव्हती, एवढं मला कळलं. हे तू सांगितलंस, त्याबद्दल तुझे उपकार आहेत. काल जेवलो.

पण मी सारखा एकच हिशेब करतो. मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. आम्ही दोघं एका ताटावर बसत होतो. तिनं सांगितलं असतं तर मी हसलो असतो. मी सांगितलं असतं तर ती रडली असती, मग हसली असती. मग ती माळा मोजत बसली असती आणि मी मिनिटं, आणि दोघांनी मिळून खोटं नाक चालवलं असतं. तुला दोन ओळी लिहायच्या होत्या. एक तिला आणि एक मला. दोन ओळींना किती वेळ लागतो गं?

माझा तुझ्यावर राग आहे. खोटं कशाला लिहू? आता आपल्यात कुणी काही झाकायचं नाही, म्हणून लिहितो. तो जाईल का, मला माहीत नाही. तू माझी एकच बहीण आहेस, हेही मला माहीत आहे.

मला वाटेल तेव्हा मी लिहीन. तोवर तू लिहू नकोस.

अण्णा